मामाची बंदूक

आधीच सांगते, घाबरून पान उलटू नका. गेल्या महिन्यात मी वर्ध्याला जाऊन एक बंदूक खोलली, साफ केली आणि चालवूनही पाहिली. लायसन्स वगैरे काही लागलं नाही. कारण बंदूक माझ्या मामाची आणि मामा सोनार.

माझा मामा आपल्या गॅस टॉर्चला बंदूक म्हणतो. पितळी मूठ, बाजूला गोल चावी, पुढे वाकडी नळी, तिच्या टोकाला भोकाभोकांचं तोंड आणि मागून निघालेला पाइप थेट गॅसच्या छोट्या सिलिंडरपर्यंत. १९८९ साली दुकान टाकलं तेव्हा घेतलेली. म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी. मामाच्या वडिलांनी सगळा जन्म बागेसरीसमोर बसून तोंडाने फुंकणी फुंकली. मामाने ही बंदूक आणली आणि घरातल्या पुरुषांचे गाल विश्रांतीला गेले, असं आई नेहमी सांगते.

मी वर्ध्याला गेले ते बारशाला. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने रात्रभर हलत डुलत जायचं आणि सकाळी वर्ध्याला उतरायचं. ऑफिसातल्या मैत्रिणींना वाटतं, वर्ध्यात वीकेंड म्हणजे शिक्षा! जिल्हाभर दारूबंदी, मॉल नाही, पब नाही. त्यांनी गोरसपाक खाल्लेला नाही, त्यांना काय कळणार? असो. मामेबहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, मामाचा पहिला नातू, आणि मामाचा हट्ट एकच. नातवाच्या पायातले चांदीचे वाळे तो स्वतःच्या हातांनी करणार. विकतचे नाही चालणार.

पण वाळे काही होत नव्हते.

मामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मी पोचले तेव्हा तो बैठ्या टेबलाशी चांदीची तार वळवून, सांध्यावर टाकणखार लावून, डाक ठेवून बसला होता. बंदूक पेटवली की ज्योत यायची ती पिवळी. लांबलचक, आळसावलेली, दिवाळीतल्या पणतीसारखी. चांदी काळी पडायची, डाक मात्र ढिम्म.

‘‘गॅसच भेसळीचा येऊन रायला आजकाल,’’ मामाने निकाल देऊन टाकला.

आता कबुली देते. मला सोनारकामातलं शून्य कळतं. पण मास कॉमला आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती. काय, कधी, कुठे, कोण, का आणि कसं? बातमी असो की बिघडलेली टॉर्च, प्रश्न तेच! म्हणून मी वही काढली. (मामी हसली. ‘‘मामाचा इंटरव्ह्यू घेऊन रायली का वं?’’)

काय बिघडलं? ज्योत पिवळी, ताकद नाही. कधीपासून? दुकान पुन्हा उघडल्यापासून. दुकान बंद का होतं? आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पावसाळा. असे चार महिने. तोवर बंदूक कुठे होती? भिंतीवर खिळ्याला. सिलिंडर बदलून पाहिला? हो, दोनदा. तरी पिवळी? तरी पिवळी.

इथेच भेसळीची थिअरी पडली. दोन वेगळे सिलिंडर आणि रोग तोच, म्हणजे रोगी दुसरा कोणीतरी आहे. शिवाय जी वस्तू चालू असताना ठीक होती आणि चार महिने नुसती टांगून ठेवल्यावर बिघडली, तिच्यात झिजण्यापेक्षा काहीतरी अडकण्याची शक्यता जास्त.

शाळेतल्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आठवतोय? रॉबर्ट बुन्सेनने १८५५ च्या सुमारास हायडलबर्गमध्ये तो करून घेतला. त्याच्या बुडाशी एक फिरती पट्टी असायची. भोकं बंद केली की ज्योत पिवळी, उघडली की निळी. आम्ही सरांचं लक्ष नसताना तेवढंच करायचो. मामाच्या बंदुकीचं तत्त्व तेच. गॅस एका केसाएवढ्या छिद्रातून, म्हणजे जेटमधून, जोरात सुटतो आणि सुटताना बाजूच्या भोकांतून हवा आत ओढतो. हवा पुरेशी मिळाली की गॅस पूर्ण जळतो, ज्योत निळी आणि आखूड होते. हवा कमी पडली की अर्धवट जळलेल्या कार्बनचे कण तापून चमकतात, तो आपला पिवळा रंग. तेच कण मग काजळी होऊन चांदीवर बसतात. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. म्हणजे पिवळी ज्योत फक्त आळशी नाही, ती घातकीही आहे.

शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोनं १,०६४ ला. डाक त्याच्या आधी वितळायला हवी, पण दागिना वितळता कामा नये. सगळं सोनारकाम या मधल्या जागेत चालतं. तिथे नेमकी, टोकदार, निळी ज्योत लागते. पणती चालत नाही.

तर मग हवा अडली कुठे? की गॅसच जास्त येतोय? संशयित दोन : हवेचा रस्ता आणि जेट.

आम्ही सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपातला उरलेला गॅस जाळून संपवला, रेग्युलेटर काढला आणि सगळं घेऊन अंगणात आलो. हा क्रम मामाचाच. या बाबतीत तो पक्का. मी मात्र मोठ्या उत्साहाने पाना लावला, पाइपाचा नट फिरवला आणि... तो आणखीच घट्ट झाला.

‘‘उलटे आटे हायेत, बाई!’’ मामा खूश झाला. ‘‘कॉलेजात नाही शिकवलं का?’’

नव्हतं शिकवलं. जळणाऱ्या गॅसच्या जोडणीला मुद्दाम डावे आटे देतात, म्हणजे ऑक्सिजनची किंवा हवेची नळी चुकून तिथे बसूच नये. चूक करणाऱ्याला आधीच अडवणारं डिझाइन! आपल्या फोनच्या ‘सेंड’ बटणालाही उलटे आटे असते तर किती नोकऱ्या आणि किती प्रेमप्रकरणं वाचली असती.

तोंड निघालं. नळी उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही दिसेना. आत पांढरट, कापसासारखं काहीतरी. मामाने बारीक चिमट्याने ओढलं आणि एक अख्खं कोळ्याचं घरटं बाहेर आलं. पावसाळाभर साहेबांनी तिथे बिऱ्हाड केलं होतं.

हसू नका. बारीक, अंधाऱ्या, कोरड्या नळ्या कोळ्यांना फार आवडतात. २०११ साली माझदा कंपनीने अमेरिकेत पन्नास हजारांहून जास्त मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण काय, तर इंधनाच्या टाकीला जोडलेल्या हवेच्या नळीत पिवळे कोळी जाळी करत होते आणि दाब बिघडून टाकीला तडा जायची भीती होती. जिथे बड्या मोटार कंपनीची ही गत, तिथे वर्ध्याच्या सोनाराचं काय!

आता जेट. मामाने सवयीने स्टोव्हची पिन उचलली. तुमच्याही आजीने रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारली असेल, तो हात आपल्या रक्तात आहे. पण मी पिन काढून घेतली. स्टोव्हची पिन स्टोव्हच्या निपलच्या मापाची असते. हे छिद्र त्याहून बारीक आणि पितळ मऊ. पोलादी पिन खुपसली की छिद्र मोठं किंवा वाकडं होतं. मग गॅस गरजेपेक्षा जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी. रोगापेक्षा औषध जालीम! त्याऐवजी जेट तासभर थिनरमध्ये बुडवून ठेवला, उन्हात पूर्ण वाळवला आणि सायकलच्या पंपाने पुढच्या बाजूने मागे हवा मारली. म्हणजे कचरा आला तसा परत जाईल, आणखी आत घुसणार नाही. शेवटी उजेडाकडे धरून पाहिलं. सुईच्या टोकाएवढा गोल, स्वच्छ ठिपका दिसला. बाहेरचं पितळ मामीने चिंचेने घासलं. फक्त बाहेरचं! चिंच, पावडर, ब्रासो असलं काहीही आत जाऊ द्यायचं नाही.

जोडलं. पेटवलं. फुर्रर्र... आणि निळी ज्योत! टोकदार, आखूड, मध्ये फिकट निळा सुळका. मामाने काळ्या पडलेल्या तारेचा तुकडा समोर धरला, डाक चमकली आणि पाण्यासारखी सांध्यात पळाली. मामाचा चेहरा तेव्हा नातवापेक्षा लहान दिसत होता.

हा कॉलम इथेच संपायला हवा होता. टाळ्या, फोटो, हॅपी एंडिंग.

पण मी मुंबईला पेइंग गेस्ट असताना आमच्या घरमालकीणबाई दर महिन्याला गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावायच्या. ती सवय मलाही लागली आहे. म्हटलं, खोलून जोडलंय तर एकदा फेस लावून बघू.

‘‘कायले?’’ मामा म्हणाला. ‘‘गॅस लीक झाला तर वास येते नं! नाहीतर काडी ओढून पाहू.’’

काडी ओढून! मंडळी, हे आपल्याकडे अजूनही लोक करतात. लीक असेल तर काडी ती सांगते खरी, पण मग ऐकायला कोणी उरत नाही.

मी वाटीत भांडी घासायच्या साबणाचा फेस केला, दाढीच्या जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्याला लावला, बंदुकीची चावी बंद ठेवली आणि सिलिंडर उघडला. रेग्युलेटरपाशी काही नाही. मग पाइप मुठीला जोडला होता तिथे एक बुडबुडा फुगला. मग दुसरा. चावीच्या दांड्याजवळही एक बारीकसा, थांबून थांबून येणारा. आणि त्याच क्षणी मला तो ओळखीचा, सडक्या कोबीसारखा वास आला. मी दोन हात लांब होते. मामाचं नाक त्या पाइपापासून वीतभर अंतरावर होतं.

‘‘बघ, वास येतोय,’’ मी सिलिंडर बंद करत म्हटलं.

‘‘कुठे येते?’’ मामा म्हणाला. आणि मग गप्प बसला.

मामी दारात उभी होती. ‘‘कायचा वास येते यायले!’’ ती हळूच म्हणाली. ‘‘दूध करपलं तरी समजत नाही. कोरोना झाला तवापासून.’’

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मामाला कोरोना झाला होता. वास गेला, चव गेली. चव थोडी परत आली, वास आलाच नाही. अनेकांचा आला, काहींचा नाही. मामाने घरात कोणाला धड सांगितलं नाही. सोनाराला नाक कशाला लागतं, असं त्याला वाटलं असेल. किंवा डोळे गेले, आता नाकही गेलं म्हटलं तर पोरं दुकानच बंद करायला लावतील, असं. विचारलं तेव्हा तो फक्त म्हणाला, ‘‘काम तं होते नं माह्यं.’’

म्हणजे गेली काही वर्षं मामा रोज सकाळी ही बंदूक पेटवत होता आणि ‘वास येते नं’ या भरवशावर बसला होता. भिंतीपलीकडे आता बाळंतिणीची खोली. महिन्याभराचं बाळ.

एक गोष्ट आपल्याला सहसा माहीत नसते. एलपीजीला स्वतःचा असा वास नसतोच. तो दुर्गंध मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. त्यामागे फार वाईट कथा आहे. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साचला. वास नव्हता, कोणाला काही कळलं नाही. एक ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास देणं सक्तीचं केलं आणि पुढे ती पद्धत जगभर गेली. आज तुमच्या-माझ्या किचनमध्ये जो घाणेरडा वास येतो, तो त्या मुलांनी आपल्यासाठी ठेवलेला निरोप आहे. पण निरोप वाचायला नाक शाबूत लागतं. वयानुसार नाक मंदावतं, सर्दीत बंद होतं, आणि एका खोलीत बराच वेळ बसलं की चांगलं नाकही त्या वासाला सरावतं. फेस मात्र सरावत नाही. त्याला सर्दी होत नाही.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही, पण जेवताना कोणी फार बोललंही नाही. मामेबहीण एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, दुकान बंद करा असं कोणी म्हणून रायलं का? सांगायचं तं असतं.’’

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा नवा पाइप आणायला बाहेर पडलो. जुना वाकवला तर त्यावर उन्हाळ्यातल्या काळ्या मातीसारख्या भेगा दिसत होत्या. पाण्याचा किंवा साधा रबरी पाइप चालत नाही, एलपीजी साध्या रबराला खराब करतो. गॅससाठीचाच, आयएसआय शिक्क्याचा घ्यायचा. घरच्या शेगडीची ‘सुरक्षा’ नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर साल छापलेलं असतं. (तुमच्या नळीवर कोणतं साल आहे? बघा जरा.)

येताना मगनवाडीत डोकावलो. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाची ही जागा. इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी केलं. जे. सी. कुमारप्पांच्या काळात इथे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगन चूल घडली. मला शाळेच्या सहलीत हे सगळं भयंकर बोअर झालं होतं. या वेळी नाही झालं. चूल किती जळते यापेक्षा तिच्यासमोर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं काय होतं, हा प्रश्न कोणीतरी इथे, या गावात, इतक्या वर्षांपूर्वी विचारला होता. मी दोन दिवस बंदुकीला सहा प्रश्न विचारत होते. ती धरणाऱ्याला एकही नाही.

नवा पाइप लावल्यावर एक गळती गेली. दुसरी, चावीच्या दांड्याची, गेली नाही. आतलं पॅकिंग थोडं आवळून पाहिलं. बुडबुडा उशिरा आला, पण आला.

‘‘एवढं चालते,’’ मामा म्हणाला. मग स्वतःच थोडा वेळ त्या बुडबुड्याकडे बघत बसला. ‘‘नाही चालत,’’ म्हणाला.

आपल्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत. या वेळी सोनाराने स्वतःचेच टोचून घेतले. भावाने नागपूरला इतवारीतून नवी मूठ आणली. आमचं साफ केलेलं जुनं तोंड तिला बरोबर बसलं. फेस लावला. पाच मिनिटं पाहिलं. एकही बुडबुडा नाही. १९८९ ची मूठ आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, चिंचेने घासलेली, चकचकीत.

आणि घराने काही नियम केले. काम संपलं की नुसती चावी नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. बंदूक टांगताना तोंडाला कापडी टोपी, म्हणजे कोळीसाहेबांना नो एंट्री. दुकानासाठी घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर वापरायचा नाही, ते बेकायदेशीर आहे. मामाचा पाच किलोचा वेगळा आहेच. गॅस डिटेक्टर लावला तो जमिनीपासून फूटभर उंचीवर, छताला नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. दर सोमवारी सकाळी फेस. आणि मामीची नेमणूक ‘ऑफिशियल नाक’ म्हणून, बिनपगारी.

बारशाच्या दिवशी वाळे तयार होते. एका वाळ्याचा सांधा किंचित जाड झालाय. मामाने तो तसाच ठेवला. पोरगं पाय झाडत होतं आणि घुंगरू वाजत होते.

आता तुमचं काम. तुमच्या घरी बंदूक नसेल, पण शेगडी आहे. ज्योत पिवळी दिसली तर गॅसवाल्याला शिव्या द्यायच्या आधी बर्नर साफ करा. आणि आज रात्री, जेवणं झाल्यावर, वाटीत थोडा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना लावा. दोन मिनिटं लागतात, एका रीलपेक्षा जरा जास्त. बुडबुडा दिसला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणांना हात नाही आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

आणखी एक. घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना सहज विचारा, वास येतो ना नीट? विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत. माझ्या मामाने तीन-चार दिवाळ्या सांगितलं नव्हतं.

परवा मामीचा फोन आला होता. सोमवार होता. मागून मामाचा आवाज येत होता, ‘‘फेस कमी केला वं तू, जरा जास्त कर!’’